आत्या, नऊच्या नऊ आल्या

प्रिय सुधाआत्या,

आणि जागा किती दिलीय माहितेय? चार ओळी! ‘सेवावर्षात तुम्ही आपला मोकळा वेळ कसा घालवलात? त्यातून तुमचा काय विकास झाला?’ खाली चार ओळी. त्यातली शेवटची तर अर्धीच, कारण तिथं सहीची चौकट आहे. आता तूच सांग, तुला साडेतीन ओळीत कोण बसवणार? तू तर ऑटोतसुद्धा दीड सीट घ्यायचीस!

म्हणून तो फॉर्म बाजूला सारला आणि हे लिहायला घेतलं. मराठीत. हस, पोटभर हस. ‘रेवे, मी मरायच्या आत एक तरी पत्र मला मराठीत लिही, त्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरात मराठी वाचून माझे डोळे तिरळे व्हायला लागलेत’ असं किती वेळा म्हणालीस! आणि मी किती वेळा म्हटलं, हौ, लिहिते, जरा ठैर? तू नाही ठैरलीस. आता जिथं ऱ्हस्व-दीर्घ चुकेल तिथं मनातल्या मनात लाल पेन फिरव आणि पुढं वाच. कारण बातमी मोठी आहे.

आपण जिंकलो, आत्या!

थांब. सगळं क्रमानं सांगते. नाहीतर म्हणशील, ही नेहमीसारखी खांब सोडून मधूनच पळायला लागली.

जूनमध्ये मी घरात सांगितलं, की नोकरी लगेच नको, एक वर्ष वस्तीतल्या सरकारी शाळेत फुकट शिकवणार. अप्पांचा चेहरा आठवतो तुला? ‘बी.कॉम. फर्स्ट क्लास, आणि फुकट?’ तेव्हा तू वाटीतली आमटी ओरपत शांतपणे म्हणालीस, ‘एक वर्ष तर म्हणतीये, बाळ्या. तू मॅट्रिकला दोनदा बसलास तेव्हा कुणी विचारलं होतं?’ आईला ठसका लागला. अप्पांनी मला एकच वर्ष दिलं. त्यानंतर बँकेची परीक्षा, आणि त्यात पुन्हा वाद नाही. ‘वर्ष संपताना दाखवण्यासारखं काहीतरी असू दे,’ हे वर.

आणि माझ्याकडं दाखवण्यासारखं काय होतं? इंग्रजीच्या चित्रांचे तक्ते. तीन महिने मी त्या पोरींना ‘धिस इज अ मँगो’ शिकवलं. त्या मला ‘मँगो’ म्हणून दाखवायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या.

मग सप्टेंबरात संप सुरू झाला. वेगळ्या राज्यासाठी सगळेच रस्त्यावर. बस बंद, ऑफिसं बंद, शाळेला कुलूप. आपल्या गच्चीवरून काचीगुडा स्टेशनची अनाउन्समेंटसुद्धा ऐकू येईना. मी लोळत मोबाइल बघत होते, आणि तू कॅनव्हासचे बूट घालून दारात उभी!

‘चल.’

‘कुठं? सगळं बंद आहे, आत्या.’

‘शाळा बंद आहे गं. ग्राउंडला कुलूप असतं का?’

सत्तर वर्षांची बाई, तीस वर्षं मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवून रिटायर झालेली, आणि चालत निघालीस रुळांच्या पलीकडच्या वस्तीत. मी मागनं. तुला खरं सांगू? मला लाज वाटत होती. खो-खो! कोण खेळतं आता खो-खो? मी तुला म्हटलंही तसं, रस्त्यावर, मोठ्यानं. ते वाक्य मला परत घ्यायचंय. घेता येत असेल तर घेतलं असं समज.

आणि पहिल्या दिवसाचा तो गोंधळ! बेगम बाजारातून रांगोळीचं दहा किलोचं पोतं आणून ठेवलं होतंस, फक्कीपेक्षा उठून दिसते म्हणून. वाकून वाकून आपण दोघींनी आखलं. दोन टोकांना खांब, मधली लांब पट्टी, तिच्यावर आठ चौकोन. तोवर वस्तीतल्या बायका गोळा झालेल्या. यादम्मा, आपल्या सरिताची आई, कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘इत्ता बडा मुग्गू डाले, एक कमल भी नै?’ त्यांच्याकडं रांगोळीला मुग्गू म्हणतात, हे मला तिथं कळलं. बावीस वर्षं हैदराबादेत राहून!

पण खरी मजा पुढं. पोरी पळायला लागल्या आणि प्रत्येक रेघेपाशी उडी! धावायचं, रेघ आली की टुण्णकन उडी, परत धावायचं. मला वाटलं, खेळच तसा असेल. मी कुठं बघितला होता? तू कपाळावर हात मारलास. ‘अगं, तुम्ही बेडूक आहात का?’ तेव्हा कळलं, मुग्गूवर पाय द्यायचा नसतो. रांगोळीवर कोण पाय देईल! आपल्या घरी तरी देतो का आपण? पण तुझ्या-माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याला ते ग्राउंड दिसत होतं. त्यांना अंगण दिसत होतं.

तू काय केलंस ते मी कधी विसरणार नाही. सगळ्यांसमोर बुटानिशी मधल्या रेघेवर चालत गेलीस, या खांबापासून त्या खांबापर्यंत, घासत घासत. आणि यादम्माला म्हणालीस, ‘पैला पाँव मेरा. पाप लगा तो मेरेकू लगने दो. अब पोट्ट्यांना पळू देव!’ अर्धं दखनी, अर्धं मराठी. सगळ्या हसल्या. मग पोरींनी ती रेघ अशी तुडवली की संध्याकाळी आपण दोघी पांढऱ्या होऊन घरी आलो.

संप लांबत गेला तसतशी आपली टीम तयार होत गेली. बरोबर नऊ जणी. त्यांना तू मराठीत आकडे शिकवलेस, ‘उठ’, ‘वळ’, ‘सूर मार’ शिकवलंस. तेलुगू बोलणारी लक्ष्मी झोपेतसुद्धा ‘खांब, खांब!’ ओरडते, अशी तिच्या आईनं तक्रार केली होती. आणि ती नसरीन! वाऱ्यासारखी पळायची, पण खो द्यायची नाही. स्वतःच पाठलाग करत करत जीभ बाहेर काढायची. तू तिला बाजूला घेतलंस.

‘अगं, एकटीनंच पळायचं होतं तर बाकीच्या आठ जणी कशाला बसवल्यात? शोभेला?’

‘आँटी, मैं पकड लेती ना.’

‘पकडशील. पण मग लक्ष्मी काय करेल? तिथं बसून जप करेल?’

मग माझ्याकडं बघून हळूच म्हणालीस, ‘तूही ऐकून ठेव.’ मला राग आला होता तेव्हा. मी काय केलं होतं? पण खरंच होतं ते. तक्ते मीच कापायचे, मीच चिकटवायचे, मीच बोलायचे. पोरींच्या हातात मी काही देतच नव्हते.

त्या दुपारी घरी येताना तू पहिल्यांदा ती छप्पन सालची गोष्ट सांगितलीस. इतकी वर्षं एका घरात राहिलो, आणि मला माहीतच नव्हती! तू चौदा वर्षांची, तुमच्या मराठी शाळेची टीम, डिसेंबरात मॅच. आणि नोव्हेंबरात राज्यच फुटलं. मराठवाडा मुंबईकडं गेला. कुणाचे वडील औरंगाबादला, कुणाचे नांदेडला. महिन्याभरात चार जणी गेल्या. तू प्रत्येकीला काचीगुडा स्टेशनवर सोडायला गेलीस. आपले आजोबा इथल्या कोर्टात होते म्हणून आपण राहिलो. मॅचच्या दिवशी तुम्ही पाच जणी ग्राउंडवर गेलात, आपापल्या चौकोनात बसलात, आणि थोड्या वेळानं उठून घरी आलात.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय? पाच जणींत खो-खो होतो का?’ एवढंच म्हणालीस आणि बुटाची लेस बांधायला खाली बसलीस.

त्या लेसचंच मला तुझ्याशी भांडायचंय, आत्या. त्या महिन्यांत तुझी लेस सारखी सुटायची. रुळांवरच्या पुलाच्या पायऱ्यांवर सुटायची, आपल्या जिन्यावर दोनदा सुटायची. तू बसायचीस, बराच वेळ बांधायचीस, कपाळ पुसून उठायचीस. कसली लेस गं? दम लागत होता ना तुला? आणि मी, फर्स्ट एडचं सर्टिफिकेट घेतलेली मी, वर उभी राहून म्हणायची, ‘आत्या, चल ना लवकर!’ का नाही सांगितलंस? अप्पा ग्राउंड बंद करतील म्हणून? केलंच असतं त्यांनी. मीही केलं असतं. तुला माहीत होतं ते, लबाड!

संक्रांतीच्या आठ दिवस आधी तू गेलीस. सकाळी, चहा गाळता गाळता. मी दहा दिवस वस्तीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. शाळा सुरू झाली होती, तरी नाही. मला वाटलं, संपलं. तुझ्याशिवाय मला कुठं येतंय काही? मी कोठीच्या पुस्तकबाजारातल्या फूटपाथवरनं खो-खोच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक आणलं होतं, तेही तूच ‘यात घाम कुठंय?’ म्हणून कपाटावर फेकलेलं.

अकराव्या दिवशी आईनं ढकललं म्हणून गेले. आणि आत्या... ग्राउंड आखलेलं होतं! बायकांनी संक्रांतीला आखलं होतं, मनानंच, तुझ्या मापानं. खांब, पट्टी, आठ चौकोन, सगळं बरोबर. फक्त चारी बाजूंनी कमळं, मोर, उसाची कांडी! यादम्मा म्हणाली, ‘बडी मॅडम का मुग्गू खाली अच्छा नै लगता था.’ मी तिथं उभी राहून रडले. नसरीन जवळ आली आणि म्हणाली, ‘मॅडम, रोने का बाद में. प्रॅक्टिस दस दिन से खुद कर रे हमे.’

त्या थांबल्याच नव्हत्या! थांबले होते ते फक्त मी.

मॅचेस फेब्रुवारीत होत्या, आठ शाळांच्या. आणि बरोबर आठवडा आधी लक्ष्मी यायची बंद झाली. तिचे बाबा वस्तीच्या तोंडाशी इडलीची बंडी, म्हणजे हातगाडी, लावतात. मूळचे गुंटूरकडचे, राज्य फुटलं की पलीकडच्या भागातले. वस्तीत त्यांना कुणी कधी वाकडं बोललं नव्हतं, पण गावाकडनं रोज फोन: राज्य वेगळं होणार, तुमचं तिथं काय खरं आहे, निदान पोरीला तरी इकडं पाठवा. त्यांनी रविवारचं तिकीट काढलं. आणि मॅच होती त्याच्या पुढच्या शनिवारी.

मला तू आठवलीस. स्टेशनवर उभी असलेली, चौदा वर्षांची.

मी धावत बंडीकडं गेले आणि भाषण ठोकलं. शिक्षण, कॉन्फिडन्स, मुलींचं भवितव्य, सगळं! हिंदीत सुरू केलं आणि जोरात आल्यावर इंग्रजीत गेले. त्यांनी मान हलवत ऐकलं, मला एक प्लेट इडली दिली, आणि म्हणाले, ‘टिकट हो गया, अम्मा.’ मी इडली खाऊन परत आले. एवढा अपमान आणि एवढी मऊ इडली!

पोरींना सांगितलं, होत नाही. मला वाटलं रडतील. नसरीन म्हणाली, ‘मॅडम, आप बहुत बात करते. कल सुबह आना.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गेले तर काय! बंडीसमोर, बरोबर रस्त्यावर, आपली रांग बसलेली. खेळात बसतात तशी, उकिडवी. एकीचं तोंड बंडीकडं, दुसरीचं रस्त्याकडं, परत एकीचं बंडीकडं. सात जणी. टोकाची जागा, लक्ष्मीची, मोकळी सोडलेली. तिथं खडूनं चौकोन काढलेला. आणि नसरीन उभी, हात मागं बांधून. गिऱ्हाइकं प्लेटी डोक्यावर धरून त्यांच्यामधनं जातायत.

‘ये क्या लगाके रक्के तुम लोगां?’ लक्ष्मीचे बाबा ओरडले.

‘अंकल, एक कम है हमारी,’ नसरीन म्हणाली.

‘उठो! इडली ठंडी होरी!’

‘लक्ष्मी आती, उठ जाते.’

एक म्हातारे गृहस्थ चटणी सांभाळत म्हणाले, ‘भेजदो भाई. वर्ना कल से इनोच इडली बेचते.’ सगळी गल्ली हसली. लक्ष्मीचे बाबा नाही हसले. माझ्याकडं बघून म्हणाले, ‘टीचरम्मा, ये तुम सिखाये?’

मी नाही म्हटलं. भाषण नाही केलं या वेळी. फक्त तुझी गोष्ट सांगितली. नऊ मुली, राज्य फुटलं, चार जणी गाडीनं गेल्या, पाच जणी चौकोनात बसल्या. चार वाक्यांत संपली.

त्यांचा हात पळीवरच थांबला. ‘फिर?’

‘फिर कुछ नै. मॅचच नै हुई.’

‘वो बडी मॅडम? बूट वाली?’

‘हौ.’

त्यांनी सांबार ढवळलं. मग मागं न बघता तेलुगूत काहीतरी ओरडले, आणि झोपडीच्या पडद्याआडनं लक्ष्मी आली. वेणीसुद्धा अर्धीच घातलेली! नसरीननं तिच्या पाठीत असा खणखणीत ‘खो!’ दिला, की ती जाऊन थेट त्या खडूच्या चौकोनात बसली. मग आठही जणी एकदम उठल्या आणि म्हणाल्या, ‘थँक्यू अंकल!’ आणि सगळ्यांनी इडली मागितली. उधार!

आता कालचं ऐक.

फायनल. समोर मोठ्या शाळेच्या मुली, बूट एकसारखे, टी-शर्टवर पाठीमागं नावं. आपल्या पोरी अनवाणी, पण सरिताच्या आईनं सगळ्यांच्या फ्रॉकला हिरवी पट्टी शिवलेली. बघायला अर्धी वस्ती आली. आणि आत्या, अप्पा आले! म्हणाले, कोठीला काम होतं. ग्राउंड कोठीच्या रस्त्यावर नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

शेवटचा डाव, पाठलाग आपला. सात मिनिटांतली सहा संपली. बरोबरी झाली होती, एक गडी बाद करायचा बाकी. समोरची एकच उरलेली, पण कसली चपळ! नसरीन तिच्या मागं. हात लांब केला असता तर कदाचित लागलाही असता. कदाचित. जुनी नसरीन असती तर नक्की झेपावली असती. आणि मागनं कुणीतरी तुझ्या आवाजात ओरडलं, ‘दे! खो दे! आधी दे!’

अप्पा होते! चष्मा हातात, शर्ट बाहेर आलेला, अप्पा!

नसरीननं दिला. लक्ष्मी उठली, वळली, खांबाकडं, आणि सूर मारला. सगळं अंग मातीत. बोटं टेकली त्या मुलीच्या टाचेला. शिट्टी!

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. यादम्मानं मला उचललं एवढं आठवतं. लक्ष्मीचे बाबा इडलीचं अख्खं पातेलं घेऊन आले होते, त्यांनी समोरच्या टीमलाही वाढलं. लक्ष्मीचा गुडघा फुटला होता, आणि ती तो ढाल दाखवावी तसा सगळ्यांना दाखवत होती. बक्षिसाच्या ढालीचा पाया, आत्या, आपल्या हातात आल्या आल्या निखळला. फेविकॉलनं चिकटवलाय.

घरी येताना अप्पा पुलाच्या पायऱ्यांवर थांबले. मी लगेच त्यांचा दंड धरला. म्हणाले, ‘काही नाही गं, तुझी आत्या आठवली. लहानपणी मला गच्चीवर दोन पाण्याच्या टाक्यांमधनं पळवायची. चुकलो की चिमटा.’ मग चार पायऱ्या चढून म्हणाले, ‘ते शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे ना, त्याचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा असतो?’

तिथं जायचंय हे मी फक्त तुलाच बोलले होते, त्यांना एक अक्षरही नाही. तू सांगून गेली होतीस ना? कधी? आमटी ओरपताना?

लक्ष्मी सध्या इथंच आहे. तिचे बाबा म्हणतात, परीक्षेपर्यंत ठेवतो, पुढचं पुढं. पण जाता जाता मला विचारलंच त्यांनी, ‘अगले साल भी है ना मॅच?’ मी हौ म्हटलं, इतक्या जोरात की ते दचकले.

तुला एक वचन देते. मी नऊवर थांबणार नाही. पुढच्या वर्षी बारा जणी तयार करीन, नियमातही बारा चालतात, पुस्तकात वाचलं. राज्य फुटो, बदली होवो, कुणाला जावंच लागलं तर मी स्टेशनवर सोडायला जाईन, पण मॅच होईल. आणि पहिल्या दिवशी रेघेवर पाय मी ठेवीन. पाप मला.

आता एकच अडलंय, आणि ते तूच सांग. कॅप्टन कुणाला करू? लक्ष्मीला केलं तर तिच्या बाबांना तिला पाठवणं जड जाईल, हे मला दिसतंय. पण खो द्यायला शिकली ती नसरीन. रस्त्यावर रांग बसवली तीही नसरीननंच. तुझं मत काय, आत्या?

तुझीच,
रेवा